थोरलीच्या अठरा रेघा

नन्नाबाईंनी एकतीस वर्षांच्या नोकरीत चारशे बारा वेळा 'नाही' म्हटलं होतं. हा आकडा ऐकीव नाही. कारखान्यात प्रत्येक नकाराला एक लाल पान भरावं लागतं, आणि त्या पानांच्या दुसऱ्या प्रती बाईंच्या कपाटात तारखेवार लावलेल्या होत्या. चारशे बारांपैकी तीनशे एक्याण्णव नकार खरे निघाले. उरलेल्या एकवीस वेळा बाई चुकल्या, आणि त्या एकविसांतल्या एकाचीही त्यांना लाज वाटत नव्हती. "चुकून थांबवलेलं रॉकेट जमिनीवर असतं," त्या म्हणायच्या, "चुकून सोडलेलं कुठे आहे ते शोधायला जहाजं पाठवावी लागतात."

सदानकदा नन्नाचा पाढा, म्हणून नन्नाबाई. हे नाव पाठीमागेच घेतलं जाई; पण शेडचं छप्पर पत्र्याचं आणि आवाज घुमवणारं, त्यामुळे पाठीमागचं सगळं पुढे ऐकू येई. बाईंनी कधी हरकत घेतली नाही. त्यांच्या मते ते नाव नव्हतं, हुद्दा होता.

त्यांचं काम परत आलेल्या रॉकेटची तपासणी. पूर्वी रॉकेट एकदा उडालं की संपलं. इंजिनं समुद्राच्या तळाशी, आणि तपासनीस घरी. आता खालचा सगळ्यात मोठा टप्पा वरचं ओझं ढकलून देतो आणि शेपटीतून आग ओकत परत येऊन चौथऱ्यावर उभा राहतो. नवी वस्तू तपासणं सोपं. परत आलेली वस्तू म्हणजे बऱ्याच दिवसांनी घरी आलेली लेक: हसून 'बरी आहे' म्हणते, खरं काय ते दोन दिवस बरोबर काढल्यावर कळतं. बाई प्रत्येक टप्प्याबरोबर चांगले तीन आठवडे काढत.

असे टप्पे शेडमध्ये तीन होते. कागदोपत्री त्यांना आकडे होते, पण शेडमधली माणसं त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. थोरली वीस मजली उंच, एकवीस इंजिनांची, काजळीने शेपटीपासून अर्ध्यापर्यंत काळी झालेली. अठरा वेळा जाऊन आली होती. पाणी, प्राणवायू, यंत्रं, असा सगळा अबोल माल तिने वर पोचवला होता. एकोणिसाव्या खेपेला पहिल्यांदाच माणसं जाणार होती: चार जणं, चंद्राभोवती फिरणाऱ्या स्थानकात तीन महिने राहायला. 'अठरा वेळा वापरलेल्या गाडीत माणसं बसवताय?' असं बाहेर लोक विचारत. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं: नवीचे दोष अजून दिसायचे असतात, हिचे मला तोंडपाठ आहेत.

त्या चौघांतली एक बाईंची सख्खी भाची होती.

सोमवारी सकाळी बाई आणि वेल्डर पाठीवर झोपून, चाकांच्या फळीवरून सरकत थोरलीच्या शेपटीत शिरले. उड्डाणाला सोळा दिवस होते. वेल्डर शेडमधला बाईंच्या खालोखाल जुना माणूस. हात सोन्याचे, आणि तोंड आवरायला वेगळा माणूस ठेवावा लागेल असं. माल नेताना नळ्यांची फक्त गळती तपासत. माणसं न्यायची म्हणजे नियम वेगळा: प्रत्येक नळी पुसून उघडी करायची, तिला लाल रंग लावायचा, वीस मिनिटं मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरी पूड मारायची. जिथे डोळ्याला न दिसणारी चीर असेल, तिथे आत मुरलेला लाल रंग पुडीवर उमटतो.

सहाव्या इंजिनाच्या वर टायटॅनियमची एक वाकडी नळी आहे. त्या वाकावर वीतभर जागेत अठरा काळ्या रेघा होत्या. थोरली दरवेळी परत आली की पहिल्यांदा आत शिरणाऱ्या माणसाने एक रेघ मारायची, असा शेडचा शिरस्ता. कोणत्याही पुस्तकात तो नव्हता, पण पुस्तकातल्या नियमांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळला जाई.

"बाई, रेघासुद्धा पुसायच्या?" वेल्डर म्हणाला.

"नियमात रेघांना सूट आहे?"

"सूट नाही, पण…"

"मग पूस."

"तुम्हीच पुसा. माझा हात होत नाही."

बाईंनी फडकं घेतलं. नऊ वर्षांच्या रेघा दोन फटक्यांत गेल्या. वेल्डरने तेवढ्यापुरतं तोंड दुसरीकडे केलं.

रंग लावला, थांबले, पुसलं, पूड मारली. पुसलेल्या रेघांतल्या सात परत आल्या होत्या. फक्त आता त्या काळ्या नव्हत्या, लाल होत्या. केसासारख्या बारीक, आणि जिथे शाई होती बरोबर तिथेच.

"नीट पुसलं गेलं नसेल," वेल्डर म्हणाला.

बाईंनी सगळं पुन्हा केलं. पुन्हा सात.

त्यांनी बॅटरी नळीच्या अलीकडे मारली, पलीकडे मारली. अलीकडचा धातू स्वच्छ, पलीकडचा स्वच्छ. अठरा वेळा तीच धग सोसून बाकीची नळी धडधाकट होती. फक्त शाईखाली ती कुरतडली गेली होती. बाजारातल्या साध्या मार्करच्या शाईत क्लोरीन असतं. टायटॅनियमवर ती शाई राहिली आणि वर आच लागली, की धातूला आतून चिरा जातात. म्हणून कारखान्यात लिहायला वेगळं, निर्धोक पेन असतं. हा धडा नव्याने भरती झालेल्यांना बाई स्वतः शिकवत, पहिल्याच दिवशी, दुसऱ्या तासाला.

पण ते पेन भांडारात कुलपात. ते हवं तर तीन प्रतींत चिठ्ठी, चिठ्ठीवर कारण, कारणाखाली वरिष्ठाची सही. 'आनंद झाला, रेघ मारायची आहे' हे कारण भांडारी चालवून घेत नाही. म्हणून अठराच्या अठरा रेघा ज्याच्या त्याच्या खिशातल्या मार्करने मारलेल्या. आणि थोरली अठरा वेळा पुसली गेली होती ती ही वीतभर जागा सोडून. रेघा कोण पुसणार?

वेल्डर हळूच म्हणाला, "पहिली तुमची ना?"

पहिली बाईंचीच होती. नऊ वर्षांपूर्वी थोरली पहिल्यांदा आभाळातून परत येऊन चौथऱ्यावर उभी राहिली, तेव्हा आत शिरलेला पहिला माणूस नन्नाबाई. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते काजळीमुळे, असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं. कुणाकडून तरी मार्कर घेतला आणि नळीवर एक रेघ ओढली. एकतीस वर्षांत चिठ्ठीशिवाय केलेली ही एकच गोष्ट. तिचा शिरस्ता झाला.

"माझीच," बाई म्हणाल्या. "चल, सरक बाहेर. पान आणते."

बाहेर कॅलेंडर उभे होते. वेळापत्रक विभागाचे प्रमुख. कॅलेंडर अशासाठी की ते नेहमी भिंतीला टेकूनच उभे राहत आणि महिना बदलला की त्यांचा चेहरा बदले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला दिवस सोडून दुसरं काही दिसत नसे. वेल्डरच्या तोंडाला आवर नव्हता हे वर आलंच आहे, त्यामुळे बाई कपाटापर्यंत पोचायच्या आत कॅलेंडरना सगळं कळलं होतं.

"बाई, नळी बदलायला किती दिवस?"

"दोन."

"मग झालं! वेळापत्रकात चार दिवस मोकळे ठेवलेत आपण. बदलून टाका. कारणाच्या रकान्यात 'नेहमीची झीज' लिहा."

"ही झीज नाही. शाई आहे."

"अहो, झिजली आहेच की ती. खोटं काय त्यात?" त्यांनी आवाज उतरवला. "शाई लिहिलंत तर पुढचा प्रश्न काय येईल? अजून कुठे कुठे शाई आहे? आणि त्याचं उत्तर आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"माझ्याकडे आहे. दोन महिने. एकवीस इंजिनं खोलायची, इंच न् इंच रंगवायचा. दोन महिने! आणि बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण पहिली रेघ कुणी मारली हेही विचारतील."

"विचारू देत. मला पाठ आहे उत्तर."

कॅलेंडरनी भिंतीचा आधार घेतला.

संध्याकाळी भाची घरी आली. बाईंनी लग्न केलं नव्हतं (तिथेही 'नाही'च म्हटलं होतं, दोनदा), आणि भाऊ-भावजय दोघंही फिरतीच्या नोकरीत, म्हणून ही पोर आत्याच्याच स्वयंपाकघरात वाढलेली. आता पोर शेहेचाळीस वर्षांची होती, पण अजूनही ओट्यावरच चढून बसे. तिने बास्केटमधलं संत्रं उचललं आणि सोलायला लागली.

"आत्या, मला कळलंय."

"वेल्डर?"

"कॅलेंडर. फोन आला होता." साल एका तुकड्यात निघालं नाही, तेव्हा ती चिडली. "चार वर्षं मी काय केलं, माहीत आहे ना तुला? साठ दिवस डोकं खाली, पाय वर करून झोपले, रक्त डोक्यात चढलं की माणूस कसा वागतो ते त्यांना बघायचं होतं म्हणून. आपल्याच लघवीचं गाळलेलं पाणी प्यायले आणि 'चव छान आहे' असं सही करून दिलं. हाडं किती झिजणार, डोळे किती बिघडणार, किरणं किती लागणार, सगळ्याचा तक्ता आहे माझ्याकडे. हे सगळं मी मान्य केलं. आणि तू एका नळीवरून अडून बसलीस?"

"नळी परवा बदलून होईल. मी कारणावरून अडलेय."

"मग लिहू नकोस ना कारण! धोका माझा आहे."

"धोका तुझा, सही माझी."

"आत्या, पंचेचाळिशीनंतर शरीराचं प्रमाणपत्र सहा महिन्यांचंच मिळतं. माझं एकोणीस दिवसांनी संपतंय. त्याच्या पुढे उड्डाण गेलं की माझ्या खुर्चीत राखीवमधली ती चौतिशीची बसणार."

"चांगली आहे का ती?"

"उत्तम आहे! म्हणून तर!"

बाईंनी गॅस बंद केला. त्यांना भाचीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून त्या भांड्याकडे बघत राहिल्या. ही मुलगी त्या खुर्चीत बसावी असं ज्या एका माणसाला जगात सगळ्यात जास्त वाटत होतं, त्याच माणसाला ती उठवायची होती.

"तू आयुष्यभर जगाला नाही म्हणालीस," भाची म्हणाली. "मला वाटायचं, मला तरी एकदा हो म्हणशील."

"म्हटलं की. पहिल्या परीक्षेला बसू का म्हणून विचारलंस तेव्हा."

"तेव्हा तू म्हणालीस, 'नापास होशील.'"

"नापास होशील म्हटलं. बसू नकोस म्हटलं का?"

एरवी भाची हसली असती. तिने संत्रं तसंच ओट्यावर ठेवलं, चपला घातल्या आणि गेली.

बुधवारी संचालकांच्या खोलीत बैठक झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर थोरलीचा फोटो, तोही धुवून पुसून स्वच्छ केल्यासारखा. बाईंनी चारशे तेरावं लाल पान वाचून दाखवलं. कारण: बाजारी मार्करची शाई. शिफारस: शाई लागलेली प्रत्येक जागा सापडेपर्यंत थोरली शेडबाहेर नेऊ नये. संबंधित व्यक्ती: पहिली रेघ, तपासनीस स्वतः.

संचालक मितभाषी गृहस्थ. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. बाईंनी ती पुन्हा, जरा मोठ्याने वाचली.

"एकतीस वर्षं लोकांना शिकवताय तुम्ही."

"हो. आणि नऊ वर्षं स्वतःच मोडतेय. दोन्ही लिहून घ्या."

"दुसरा एक मार्ग आहे," कॅलेंडर म्हणाले. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "नळी बदलू. बाकीच्या जागांचा धोका प्रवाशांनी मान्य केला तर तसं उडता येतं. नियमात आहे. तिघांचं विचाराधीन आहे. एकीने सही केलीय."

बाईंना सही ओळखायला वाकावंही लागलं नाही. भाची टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ताठ बसली होती.

"मला मान्य आहे," भाची म्हणाली. "मी पूर्ण शुद्धीत सही केलीय."

"तुला मान्य असेल," बाई म्हणाल्या. "नळ्यांना विचारलंस का?"

"आत्या, इथे नको!"

"इथे मी आत्या नाही. साहेब, हा कागद हाडांसाठी ठीक आहे, डोळ्यांसाठी ठीक आहे. तिथे वर काय होईल ते आपल्या कुणाच्या हातात नाही, म्हणून ज्याने त्याने मान्य करायचं. ही शाई आपल्या हातांनी लावलीय. आपली घाण दुसऱ्याकडून मान्य करून घ्यायची नसते. मी सही देणार नाही. माझ्या जागी दुसरा माणूस आणायचा तर आणा. माझं कपाट उघडं आहे. आधीची चारशे बारा पानंही त्याला वाचायला द्या."

संचालकांनी एकदा फोटोकडे पाहिलं. मग कॅलेंडरचा कागद त्यांनी चार घड्या करून खिशात घातला. "दोन महिने," ते म्हणाले.

भाची आत्याकडे न बघता बाहेर पडली.

बाई शेडमध्ये आल्या. साठ माणसं काम सोडून उभी होती. वेल्डर बाईंच्या आधी पोचला असणार. बाईंनी एक मोठा कागद थोरलीच्या खालच्या चौकटीला चिकटपट्टीने लावला, भांडारातून चिठ्ठी भरून आणलेल्या निर्धोक पेनाने वर लिहिलं, 'कुणी, कुठे, कशाने', आणि पहिल्या ओळीत स्वतःचं नाव, नळी, रेघ.

"दोन महिने कशाला लागतात?" त्या म्हणाल्या. "शाई कुठे आहे ते माहीत नाही म्हणून. कुणाला माहीत नाही? मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. ज्याने जिथे काही लिहिलंय, गिरवलंय, ते इथे उतरवायचं. नोकरीच्या पुस्तकात ठपका येईल. माझ्या आलाच आहे, शाई वाळायचीय फक्त."

कुणी हललं नाही. साठ माणसं साठ दिशांना बघत होती. आपल्या हाताने आपल्या पुस्तकावर ठपका ओढून घ्यायचा, तेही चौकटीवर, सगळ्यांसमोर.

"बाई," मागून कुणीतरी म्हणालं, "लिहिलेलं चांगलं नसेल तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे… कुणाबद्दल असेल तर?"

"माझ्याबद्दल आहे का?"

"थोडंसं."

"मग आधी ते लिही."

हशा झाला आणि त्या हशात वेल्डर पुढे झाला. सातव्या इंजिनाच्या झाकणावर आतून बाण, तीन. मग दोघे फिटर: उष्णतेच्या पडद्यामागे फुली-गोळ्याचा डाव, अर्धवट, कोण जिंकत होतं यावर तिथेच वाद पेटला. कुणाच्या बायकोचा नवीन फोन नंबर. कुणाचं वजन, दर महिन्याचं, चढतं. तेराव्या इंजिनाच्या वर 'इथे डोकं आपटतं', आणि खाली दुसऱ्या अक्षरात 'मलाही'. भांडारी आला, तेव्हा सगळे चाट पडले. त्याने स्वतःच्या पेनांच्या कुलपाचा आकडा विसरू नये म्हणून बारा नंबरच्या कंसावर लिहून ठेवला होता, बाजारी मार्करने.

दुपारनंतर कॅलेंडर आले. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग इकडेतिकडे बघून पेन मागितलं. दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांना शेड दाखवताना त्यांनी एका झडपेवर 'वेळेत!' असं लिहून खाली झोकदार सही ठोकली होती.

"झडप कोणती?" बाईंनी विचारलं.

"ते नाही आठवत. तारीख सांगू?"

एकूण एकशे त्रेचाळीस जागा भरल्या. दोन महिन्यांचं काम सव्वीस दिवसांवर आलं. शोधताना एकशे चव्वेचाळिसावी सापडली: मोर काढलेला, सुबक, पिसारा फुलवलेला. तो कुणाचा ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही, आणि शेडमध्ये चित्र काढता येणारा माणूस नाही, हे सगळे शपथेवर सांगतात.

त्या जागांपैकी अकरा जागांवर पूड मारली तेव्हा लाल केस उमटले. सगळ्या टायटॅनियमवर.

सव्वीस दिवस म्हणजे भाचीच्या प्रमाणपत्राची मुदत टळून आठवड्याच्या वर. राखीवमधल्या मुलीचा सूट खुर्चीच्या मापाने तपासायला घेतल्याचं बाईंनी ऐकलं. भाचीचा फोन आला नाही. बाईंनीही केला नाही. रोज सकाळी मोबाइल हातात घ्यायच्या, नाव काढायच्या, आणि तेराव्या इंजिनाखाली सरकायच्या. रागावायचा तिला हक्क होता, आणि त्या हक्कात लुडबुड करणं बाईंना बरं दिसत नव्हतं.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या सकाळी, फळीच्या चाकांचा आवाज आला आणि शेजारी कुणीतरी सरकत आलं. वेल्डर असेल म्हणून बाईंनी हात पुढे केला. "पूड दे."

पूड हातात आली. हात भाचीचा होता.

"कुठली ती तेराव्याची?" भाचीने विचारलं.

बाईंनी बॅटरी धरली. 'इथे डोकं आपटतं' जिथे लिहिलं होतं, तिथे आता एक आडवा लाल केस होता, बोटभर लांब. बाकीच्या दहांपेक्षा लांब.

"ही सुटली असती तर?"

"तेराव्याची झडप या नळीतल्या दाबाने मिटते. नळी फुटली असती, तर वेळ आल्यावर तेरावं बंद झालं नसतं."

"आणि?"

"आणि बारावं आणि चौदावं त्याला खेटून आहेत."

भाचीने त्या केसाशेजारी बोट धरून लांबी पाहिली. माफी तिने मागितली नाही. घराण्यात ती पद्धत नव्हती. मग म्हणाली, "मला तपासणी परत द्यायचीय. मुदत संपल्यावर परत घेता येते, पण डॉक्टरांच्या मर्जीवर. डॉक्टर नाही म्हणतात."

"मग?"

"मग काय मग? लोक तुझ्याकडून हो वदवायला बघतात, तेव्हा तू काय करतेस?"

"लाल पान भरते."

"माझ्याकडे पान नाही. मी त्या फिरत्या खुर्चीत जाऊन बसणार आणि उठणार नाही. दुपारी दोनला. येतेस?"

बाई एकतीस वर्षांत पहिल्यांदा दुपारच्या पाळीत शेड सोडून गेल्या. चिठ्ठी भरून.

वैद्यकीय इमारतीत खाली एक गोल खोली होती. मध्ये खांब, खांबाला लांब लोखंडी हात, हाताच्या टोकाला पिंजऱ्यात खुर्ची. ती फिरायला लागली की आतल्या माणसाचं वजन सहा पट होतं. चंद्राकडून परत येताना तेवढंच सोसायचं असतं. भाची पट्टे आवळून बसली होती. डॉक्टर, पन्नाशीचे, मऊ आवाजाचे, पिंजऱ्याच्या दाराशी अजिजी करत होते.

"ताई, उतरा. या वयात एका वर्षात दोनदा हे देऊ नये, असा संकेत आहे."

"संकेत की नियम?" बाईंनी दारातूनच विचारलं.

डॉक्टर वळले. "तुम्ही आत्या ना? बरं झालं आलात. तुम्ही सांगा हिला. मागच्या खेपेला फिरून उतरल्यावर हिचा कान घोटाळा करत होता; तोल काठावर होता. आता नापास झाली तर कायमची खाली बसेल. आत्ता थांबली तर निदान पुढच्या वर्षी अर्ज करता येईल."

"तिला हे माहीत आहे?"

"माहीत आहे," पिंजऱ्यातून आवाज आला. "मी उतरणार नाही. चालू करा, नाहीतर मी संध्याकाळपर्यंत इथेच बसते. उद्या तुम्हाला दुसऱ्या कुणाला तरी फिरवायचं असेल ना?"

"संकेत की नियम?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"संकेत," डॉक्टर म्हणाले.

"मग माझ्याकडे कशाला बघता? मी नियमाची माणूस."

डॉक्टरांनी बटण दाबलं.

यंत्र घुमलं. काचेमागच्या पडद्यावर भाचीचे गाल मागे ओढले गेले, ओठ दातांवर ताणले गेले, डोळे मात्र उघडेच होते. तीन पट. चार. बाईंच्या हातात काही नव्हतं, म्हणून त्यांनी आपलंच मनगट धरलं होतं. पाच. सहा. तिथे साठ सेकंद. बाईंनी ते घड्याळावर मोजले, डॉक्टरांच्या घड्याळावर त्यांचा भरवसा नव्हता.

थांबल्यावर भाची उतरली. चेहरा फडक्यासारखा. जमिनीवर पांढरी रेषा आखलेली होती. डोळे मिटून तिच्यावरून वीस पावलं चालायची. भाची निघाली. पाच. नऊ. बारा. बाईंचे डोळे फक्त तिच्या टाचांवर होते. लाल केस शोधताना असत तसे. चौदाव्या पावलाला डावी टाच रेषेच्या बाहेर टेकली, बोटभर, आणि पुन्हा आत आली. वीस. भाचीने डोळे उघडले.

डॉक्टर कागदावर बघत होते. त्यांना दिसलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ते हसून म्हणाले, "छान!"

"चौदावं बाहेर पडलं," बाई म्हणाल्या.

भाचीने आत्याकडे असं पाहिलं, जणू तिथल्या तिथे त्यांना खुर्चीत बांधून फिरवेल.

"डावं," बाई म्हणाल्या. "बोटभर."

"पडलं," भाची दात आवळून म्हणाली. "मलाही कळलं. मी सांगणारच होते."

"किती चालतात?" बाईंनी डॉक्टरांना विचारलं.

"एक… एक चालतं, मला वाटतं."

"वाटतं नको. पुस्तक काढा."

डॉक्टरांनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं. पान सापडेना. बाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं, अनुक्रमणिका काढली, पान काढलं, बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं: वीसपैकी एक पाऊल रेषेबाहेर गेल्यास उत्तीर्ण, दोन गेल्यास अनुत्तीर्ण. मग पुस्तक तसंच उघडं डॉक्टरांसमोर ठेवलं आणि प्रमाणपत्राचा कोरा कागद त्याच्यावर.

"एक बाहेर, असं लिहा. 'छान' नको. आणि इथे सही."

डॉक्टरांनी लिहिलं. सही केली. भाचीने तो कागद शाई वाळायच्या आत ओढून घेतला.

"तू मला बुडवत होतीस, आत्या. दुसऱ्यांदा."

"एक पडलं होतं. मी पाहिलं."

"गप्प बसता आलं असतं."

"तुलाही आलं असतं."

भाचीने काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. खुर्च्या ठरवणारं कार्यालय चारला बंद होत होतं आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला होतं. कागद छातीशी धरून ती निघाली. अजून पाय जमिनीवर ठरत नव्हते, म्हणून एक हात भिंतीला लावून, पण भरभर. बाई मागून निघाल्या. तिचा दंड धरावा असं त्यांना वाटलं, पण त्यांनी तो धरला नाही. पडलीच असती, तर हात पोचेल एवढ्या अंतरावर मात्र त्या चालत होत्या.